लोखंडाच्या सांध्याची ध्वनिपरीक्षा

तंजावर शहराच्या पूर्वेस, जुन्या तटाजवळील बीरंगी मेडू नावाच्या उंचवट्यावर, एक प्रचंड लोखंडी तोफ ठेवलेली आहे. तिची लांबी सुमारे साडेसात मीटर असून वजन २२ टनांच्या घरात आहे. राजगोपाल या नावाने ती ओळखली जाते. नायक राजा रघुनाथ याच्या कारकीर्दीत, इ. स. १६२० च्या सुमारास, ती घडविली गेली असे मानण्यात येते. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली, तेव्हा शहराबरोबर ही तोफही मराठ्यांच्या ताब्यात आली.

या तोफेचे वैशिष्ट्य तिच्या आकारापेक्षा तिच्या घडणीत अधिक आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीच्या आकारात शेजारी शेजारी मांडून त्यांवर लोखंडी कडी तापवून चढविली आणि घणाचे घाव घालून सर्व भाग एकजीव केले, अशी तिची रचना आहे. प्रा. आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांचे सहकारी यांनी या तोफेचा धातुशास्त्रीय अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. त्या काळच्या लोहारांचे कौशल्य किती उच्च प्रतीचे होते, याची त्यावरून कल्पना येते. कड्यांचे व पट्ट्यांचे असंख्य सांधे हेच या तोफेचे शरीर होय.

परंतु अशा तोफेत एक भय नेहमीच दडलेले असे. दोन लोखंडी पृष्ठभाग आतून खरोखरच एक झाले आहेत, की त्यांच्यामध्ये धातुमळीचा पातळ थर अडकून राहिला आहे, हे बाहेरून कोणासही सांगता येत नसे. पारख करण्याचा मार्ग एकच होता : अधिक दारू ठासून तोफ उडवून पाहावयाची. सांधा चांगला असेल तर ती टिके. नसेल तर फुटे आणि जवळच्या माणसांचा जीव घेई. १४६० साली रॉक्सबर्गच्या वेढ्यात आपलीच तोफ फुटून स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स मृत्यू पावला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या परीक्षेत परीक्ष्य वस्तूच नष्ट होण्याचा संभव असतो, ती परीक्षा अपुरी होय. वस्तूस धक्का न लावता तिच्या अंतरंगाचे ज्ञान कसे मिळवावे, हा प्रश्न अशा रीतीने फार जुना आहे.

आजचे सांधे

तंजावरहून तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिरुवेरुंबूरच्या परिसरात, भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीचा उच्चदाब बाष्पित्रांचा कारखाना आहे. १९६५ साली चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने तो सुरू झाला. याच आवारात १९७५ साली वितळजोड-संशोधन संस्था स्थापन झाली. कारखान्याच्या आश्रयाने आसपास जोडकामाच्या अनेक लहानमोठ्या कार्यशाळा वाढल्या. लोखंड जोडण्याची कला या प्रदेशास नवी नाही. मात्र जोडीचे स्वरूप पार पालटले आहे. घणाच्या घावाऐवजी आता विजेच्या ठिणगीने दोन्ही कडा व त्यांमधील भरधातू वितळविली जाते आणि ती थिजली की सांधा तयार होतो. यासच आपण वेल्डिंग म्हणतो.

वीजनिर्मितीच्या एका मोठ्या बाष्पित्रात असे हजारो सांधे असतात. आधुनिक बाष्पित्रातील वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे २५० पटींपर्यंत जातो आणि तपमान ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. यांपैकी एखादा सांधा फुटला तर वीजकेंद्र बंद पडते, हे तर खरेच. परंतु निसटलेली वाफ आसपासच्या माणसांस क्षणात भाजून काढते, हे अधिक महत्त्वाचे. म्हणूनच बाष्पित्रांची तपासणी हा आपल्याकडे कायद्याचा विषय आहे. १९२३ च्या कायद्याखाली १९५० साली तपशीलवार नियमावली तयार झाली आणि त्या जुन्या कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली.

वितळजोडीत दोष अनेक प्रकारचे असतात. वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. धातुमळ आत कोंडला जातो. भरधातू कडेशी नीट न मिळता नुसती टेकून राहते. यास अपुरे मीलन म्हणतात. सर्वांत घातक दोष म्हणजे भेग. पोकळी बहुधा आहे तेवढीच राहते. भेग मात्र वाढते. दाब व तपमान यांच्या प्रत्येक चढउताराबरोबर तिचे टोक थोडे थोडे पुढे सरकते आणि एका विशिष्ट मर्यादेनंतर उरलेला धातू एकाएकी तुटतो.

लहानशा सांध्याची मोठी किंमत

लहान दोषाचे परिणाम किती भयंकर असू शकतात, याचे एक उदाहरण येथे पाहणे योग्य होईल. उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या तेलक्षेत्रात अलेक्झांडर एल. किलँड नावाचे एक तरंगते निवासस्थान होते. पाच स्तंभांवर उभ्या असलेल्या या मंचावर तेलविहिरींवरील कामगार राहत. २७ मार्च १९८० रोजी सायंकाळी वादळात त्याच्या एका आडव्या आधारनळीचे दोन तुकडे झाले, मागोमाग इतर आधार तुटले, एक स्तंभ निखळला आणि मंच उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ मृत्युमुखी पडली.

चौकशीत असे आढळले की, भेगेचा उगम मुख्य सांध्यात नव्हताच. पाण्यातील ध्वनी टिपणारे एक उपकरण बसविण्यासाठी आधारनळीस भोक पाडून एक लहान तुकडा जोडलेला होता. त्याचा सांधा अवघ्या ६ मिलिमीटर जाडीचा होता आणि बोजा पेलणारा भाग म्हणून त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. तुटलेल्या पृष्ठभागावर रंगाचे अंश सापडले. याचा अर्थ स्पष्ट होता : मंच रंगविला गेला तेव्हाच ती भेग तेथे होती. ती डोळ्यांपुढे होती, परंतु कोणी तिचा शोध घेतला नाही. धातूच्या पोटातील भेग तर डोळ्यांस दिसण्याचाही संभव नसतो. तेथे दुसऱ्याच एखाद्या इंद्रियाची योजना करावी लागते.

ध्वनीचे साहाय्य

कुंभाराकडून मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. नाद खणखणीत असेल तर मडके घेते, बद्द असेल तर परत ठेवते. रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून त्यांची परीक्षा करण्याची रीतही याच तत्त्वावर आधारलेली होती. मात्र अशा परीक्षेत 'दोष आहे' एवढेच कळते. तो कोठे आहे व केवढा आहे, हे कळत नाही. त्यासाठी ध्वनीची तरंगलांबी दोषाच्या आकाराइतकी लहान असावी लागते.

माणसाच्या कानास दर सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंप्रतेच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. सांध्यांच्या परीक्षेत बहुधा सेकंदास २० ते ५० लक्ष कंपनांचा, म्हणजे २ ते ५ मेगाहर्ट्झ कंप्रतेचा ध्वनी वापरतात. पोलादात अनुतरंगांचा वेग सेकंदास सुमारे ५,९०० मीटर असतो. त्यामुळे ५ मेगाहर्ट्झ कंप्रतेस तरंगलांबी सव्वा मिलिमीटरहूनही कमी भरते.

असा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली १८८० साली झाक व प्येर क्यूरी या बंधूंना सापडली. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार उत्पन्न होतो, असे त्यांनी दाखविले. उलट, अशा स्फटिकास विद्युत् दाब दिला की तो आकुंचन-प्रसरण पावतो. यास दाबविद्युत् परिणाम म्हणतात. एकच स्फटिक मुख व कान या दोहोंचे काम करू शकतो, हे यातील मर्म होय. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी त्याचा उपयोग केला. रशियात सोकोलोव्ह यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस धातूंतील दोष श्राव्यातीत ध्वनीने शोधण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील फ्लॉइड फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणारे दोषशोधक यंत्र तयार केले आणि त्याचे एकस्व १९४२ साली मिळविले.

या यंत्राचे कार्य सोपे आहे. स्फटिक ध्वनीचा एक अल्पकालीन स्पंद पोलादात सोडतो. पोलाद संपून हवा लागली की जवळजवळ सगळा ध्वनी मागे परततो. भेगेत हवाच असल्यामुळे तीही ध्वनीस भिंतीप्रमाणे अडविते. परत आलेला प्रतिध्वनी पडद्यावर उंचवट्याच्या रूपाने दिसतो. तो २० मायक्रोसेकंदांनी आला असेल तर ध्वनीने जाऊन-येऊन ११८ मिलिमीटर अंतर तोडले, म्हणजे परावर्तक ५९ मिलिमीटर खोलीवर आहे, असा हिशेब होतो. शोधक व पोलाद यांमध्ये हवेचा थर राहिला तर ध्वनी आत शिरतच नाही. म्हणून पृष्ठभागावर तेल, पाणी किंवा ग्रीस लावतात.

तिरपा मार्ग

सांध्याचा माथा खडबडीत असल्याने शोधक त्यावर नीट टेकत नाही. शिवाय भेगा व अपुरे मीलन हे दोष बहुधा उभे असतात आणि वरून सरळ खाली जाणाऱ्या ध्वनीस त्यांची केवळ धार लागते. म्हणून स्फटिक एका पाचरीवर बसवून ध्वनी बाजूने तिरपा सोडतात. पोलादात शिरताना त्याचे प्रणमन होते आणि ४५, ६० किंवा ७० अंशांच्या कोनात अवतरंग पुढे जातात. त्यांचा वेग सेकंदास सुमारे ३,२३० मीटर, म्हणजे अनुतरंगांच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो.

२५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ६० अंशांनी सोडलेला ध्वनी ४३ मिलिमीटर पुढे जाऊन तळास पोहोचतो आणि तेथून उसळून ८७ मिलिमीटर अंतरावर पुन्हा वरच्या पृष्ठभागास लागतो. तपासनीस या दोन अंतरांच्या दरम्यान शोधक मागेपुढे सरकवीत सांध्याच्या कडेकडेने जातो. अशा रीतीने तळापासून माथ्यापर्यंत सर्व सांधा ध्वनीच्या वाटेत येतो. क्ष-किरण-छायाचित्रात पोकळ्या व धातुमळ चांगले दिसतात; परंतु किरणांच्या दिशेशी न जुळणारी अरुंद भेग त्यात निसटू शकते. शिवाय त्या किरणांपासून बचावासाठी आजूबाजूची जागा मोकळी करावी लागते. ध्वनिपरीक्षेत या दोन्ही अडचणी नाहीत.

तथापि या पद्धतीत दोन मोठ्या उणिवा होत्या. पहिली, प्रतिध्वनीची उंची ही दोषाच्या आकाराची विश्वसनीय खूण नव्हे. उन्हात पडलेला आरशाचा लहानसा तुकडा डोळ्यांसमोर आला तर डोळे दिपतात आणि मोठा आरसा जरा वळलेला असेल तर त्याची तिरीपही येत नाही. त्याचप्रमाणे धातुमळीचा क्षुद्र कण मोठा प्रतिध्वनी देऊ शकतो आणि तिरकी, घातक भेग जवळजवळ मूक राहू शकते. दुसरी उणीव पुराव्याची. पडद्यावरील उंचवटा क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. मागे राहतो तो केवळ तपासनिसाचा शब्द. त्याची दृष्टी थकली असेल किंवा काम लवकर उरकण्याची त्याच्यावर सक्ती असेल, तर त्याने काय पाहिले व काय पाहिले नाही, याचा निवाडा नंतर करता येत नसे.

१९७० नंतरच्या दशकात अनेक देशांतील पथकांकडून जाड पोलादी तबकड्यांची परीक्षा करवून घेण्यात आली आणि नंतर त्या तबकड्या कापून दोष प्रत्यक्ष पाहण्यात आले. त्या काळच्या रूढ पद्धतीने तपासताना काही मोठे दोषही निसटत होते, हे त्यावरून उघड झाले. अणुभट्टीच्या पात्रांचे सांधे तपासणाऱ्यांस हा इशाराच होता.

भेगेच्या टोकांचा शोध

भेग किती घातक आहे हे मुख्यतः तिच्या उंचीवर, म्हणजे जाडीच्या दिशेने ती किती पसरली आहे यावर, अवलंबून असते. भेग चौपट झाली की तिच्या टोकाशी होणारी ताणाची तीव्रता सुमारे दुप्पट होते. म्हणून 'भेग आहे' एवढे कळून भागत नाही. ती किती मिलिमीटर आहे ते कळले पाहिजे. मोठी भेग सोडून देणे घातक, तसेच निरुपद्रवी दोषासाठी चांगला सांधा खोदून पुन्हा भरणेही हानिकारक असते. कारण दुसऱ्यांदा दिलेल्या उष्णतेने धातूत नवे ताण, आणि कधी नव्या भेगाही, निर्माण होतात.

या अडचणीतून मार्ग काढला तो इंग्लंडमधील हारवेल येथील मॉरिस सिल्क यांनी, १९७० नंतरच्या दशकात. त्यांनी प्रतिध्वनीची उंची बाजूस ठेवून केवळ त्याच्या प्रवासकालाकडे लक्ष दिले. पाण्याची लाट खांबाच्या कडेवर आदळली की त्या कडेपासून नवी वर्तुळाकार लाट पसरते. ध्वनीचेही भेगेच्या दोन्ही टोकांशी असेच विवर्तन होते. हे तरंग क्षीण असतात. परंतु ते सर्व दिशांस जातात, त्यामुळे भेग कशीही कललेली असली तरी ते सापडतात. कारखान्यांत ही पद्धत 'टॉफ्ड' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते.

तिचा हिशेब शाळेतील भूमितीचाच आहे. ६० मिलिमीटर जाडीच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंस, परस्परांपासून ८० मिलिमीटर अंतरावर, एक बोलणारा व एक ऐकणारा असे दोन शोधक ठेवले आहेत असे समजा. पृष्ठभागालगत सरळ जाणारा तरंग १३.६ मायक्रोसेकंदांनी पोहोचतो. भेगेचे वरचे टोक मध्यभागी ३० मिलिमीटर खोल असेल, तर प्रत्येक शोधकापासून ते ५० मिलिमीटरांवर येते आणि त्याचा तरंग १०० मिलिमीटर चालून १६.९ मायक्रोसेकंदांनी येतो. खालचे टोक ४२ मिलिमीटर खोल असेल, तर एकूण मार्ग ११६ मिलिमीटर व काल १९.७ मायक्रोसेकंद. शेवटी तळाचा प्रतिध्वनी २४.४ मायक्रोसेकंदांनी येतो. कालांवरून उलट हिशेब केला की भेगेची उंची १२ मिलिमीटर निघते. वरच्या व खालच्या टोकांपासून येणाऱ्या तरंगांच्या कला परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे दोन वेगळे दोष आणि एका दोषाची दोन टोके यांत भेद करता येतो. मात्र पृष्ठभागालगतच्या काही मिलिमीटरांत सरळ तरंगाच्या छायेत दोष लपू शकतात. तेवढ्यापुरती जुनी प्रतिध्वनी-पद्धत जोडीस ठेवावी लागते.

अनेक मुखांचा शोधक

दुसरी मोठी सुधारणा म्हणजे कलाबद्ध शोधकमाला, अर्थात फेज्ड ॲरे. हिचा प्रसार प्रथम वैद्यकात झाला आणि मग ती उद्योगात आली. हिच्यात एका मोठ्या स्फटिकाऐवजी १६, ३२ किंवा ६४ लहान स्फटिक ओळीने बसविलेले असतात. प्रत्येकास स्वतंत्रपणे चेतविता येते. कवायतीत शिपायांची रांग वळताना आतला शिपाई जागच्या जागी राहतो व बाहेरचा भरभर चालतो, तेव्हा सारी रांग तिरपी होते. स्फटिकांस क्रमाने थोडा थोडा विलंब देऊन चेतविले की ध्वनीची आघाडीही अशीच वळते. स्फटिकांमधील अंतर ०.६ मिलिमीटर असेल, तर अनुतरंग ३० अंशांनी वळविण्यासाठी शेजारच्या दोन स्फटिकांत सुमारे ५० अब्जांश सेकंदांचा विलंब पुरतो. विलंब बदलून शोधक न हलविता ४० अंशांपासून ७० अंशांपर्यंतचे सर्व कोन क्षणार्धात झाडून काढता येतात आणि सांध्याचा छेद पंख्याच्या आकाराच्या चित्रात दिसतो.

याच्याही पुढची पायरी विसाव्या शतकानंतर आली. तीत प्रत्येक स्फटिक एकेकटा बोलतो आणि दर वेळी सगळे ऐकतात. ६४ स्फटिक असतील तर ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ नोंदी मिळतात. नंतर संगणक धातूतील प्रत्येक बिंदूसाठी या नोंदी योग्य विलंबाने एकत्र करतो आणि प्रत्येक बिंदूवर नाभीकृत झालेले चित्र उभे करतो. ब्रिस्टल विद्यापीठातील होम्स, ड्रिंकवॉटर व विल्कॉक्स यांनी २००५ साली या रीतीचे महत्त्व दाखवून दिले.

या सर्व पद्धतींचा एक समान लाभ आहे : त्या नोंद ठेवतात. संपूर्ण सांध्याचे चित्र साठविले जाते. ते दुसऱ्या तज्ज्ञास दाखविता येते आणि दहा वर्षांनी तोच सांधा पुन्हा तपासून भेग वाढली की नाही, हे मिलिमीटरांत सांगता येते. तपासनिसाच्या शब्दास आता पुराव्याचा आधार मिळाला आहे.

मर्यादा

ध्वनी सर्वच धातूंत सारख्या सुलभतेने चालतो असे नाही. गंजरोधी पोलादाच्या काही प्रकारांत सांधा थिजताना लांब, जाड स्फटिककण एका दिशेने वाढतात. त्यांत ध्वनीचा वेग दिशेप्रमाणे बदलतो, किरण वाकतात आणि कणांपासून येणारा गोंगाट भेगेचा प्रतिध्वनी झाकून टाकतो. तंजावरच्या तोफेसारख्या घडीव लोखंडातही अशीच अडचण येईल. कारण अशा लोखंडात मळीचे असंख्य बारीक तंतू पसरलेले असतात आणि त्यांपैकी कोणता निरुपद्रवी व कोणता सांध्याचा दोष, हे ध्वनी सहज सांगू शकणार नाही. अशा धातूंसाठी कमी कंप्रता आणि अनुतरंग वापरतात, तसेच त्याच धातूच्या नमुन्यात मुद्दाम दोष करून यंत्राची आधी परीक्षा घेतात.

यंत्र कितीही सुधारले तरी निर्णय माणसासच करावा लागतो. म्हणून तपासनिसांच्या शिक्षणाच्या व परीक्षांच्या तीन श्रेणी ठरविलेल्या आहेत. शोधक कोठून कोठवर फिरवावा, कोणता कोन वापरावा, कोणत्या नमुन्यावर यंत्र जुळवावे, हे सर्व लिखित पद्धतीत आधीच नमूद असावे लागते. आणि या सर्वांच्या आधी एक प्रश्न येतो : कोणते सांधे तपासावयाचे? किलँडवरील तो सहा मिलिमीटरांचा सांधा कोणाच्याही यादीत महत्त्वाचा नव्हता. ध्वनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. यंत्राची निवड करण्यापूर्वी आराखड्यावर बोट ठेवून 'हा तुटला तर काय होईल?' असे प्रत्येक सांध्याविषयी विचारणे, ही परीक्षेची खरी सुरुवात होय.